शहजादा, त्याची सावली आणि पुढचा भाग

एखादा सिनेमा चालला की त्याचा दुसरा भाग येतो. एखादा व्हिडिओ गेम खपला की त्याच्या नावापुढे २, ३, ४ असे आकडे लागत जातात. यातले बहुतेक पुढचे भाग पहिल्याच्या पुण्याईवर जगतात आणि विस्मरणात जातात. मोजकेच असे असतात की ते आल्यावर पहिलाही नव्याने कळू लागतो. हा फरक कशाने पडतो, हा प्रश्न केवळ गेम खेळणाऱ्या पोरांचा नाही. वारसा पुढे न्यायचा म्हणजे नेमके काय न्यायचे, असा तो प्रश्न आहे. आणि तो आपल्या समाजाला रोजच पडतो.

उदाहरणासाठी मी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घेतो. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे या एका नावाखाली साडेतीन दशकांत चांगले, वाईट, फसलेले आणि वाट बदललेले असे सगळ्या प्रकारचे पुढचे भाग झाले. दुसरे म्हणजे या गेमची जमीन आपल्या ओळखीची आहे. बगदादचा वजीर, अल्फ लैलाची शहरजाद, फिरदौसीचा शाहनामा, कोहकाफचा पहाड. ही नावे आपल्यापैकी अनेकांनी आजी-नानीच्या तोंडून ऐकली आहेत. तीच नावे अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या स्टुडिओंतून फिरून आपल्या मुलांच्या पडद्यावर आली. येताना त्यांचे काय झाले, हे पाहायला हवे.

कमी जागेत जन्मलेली सावली

जॉर्डन मेकनर हे येल विद्यापीठात शिकलेले अमेरिकन तरुण. विद्यार्थिदशेतच, १९८४ मध्ये, त्यांचा ‘कराटेका’ हा गेम बाजारात आला होता. १९८५ मध्ये त्यांनी धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला आणि उड्या मारायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग त्या चित्रणातली एकेक चौकट उतरवून त्यांनी पडद्यावरचा शहजादा घडवला. तलवारबाजीसाठी त्यांनी १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ सिनेमातल्या द्वंद्वाचा आधार घेतला. चार वर्षांच्या खटपटीनंतर १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने हा गेम ‘ॲपल टू’ संगणकासाठी काढला. त्या संगणकाचे दिवस तेव्हा भरत आले होते, म्हणून सुरुवातीचा खप बेताचाच राहिला. नंतर तो इतर संगणकांवर गेला आणि जगभर पसरला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात संगणक क्लासला जाणाऱ्या माझ्या पिढीतल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला गेम म्हणून ‘प्रिन्स’च पाहिला. मास्तर बाहेर गेले की तो सुरू व्हायचा.

गोष्ट अगदी साधी होती. सुलतान लढाईवर गेला आहे. वजीर जाफर राज्य बळकावतो आणि शहजादीला एक तासाची मुदत देतो: लग्न कर, नाहीतर मर. तळघरात कोंडलेल्या नायकाला साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचायचे असते. साठ मिनिटे म्हणजे घड्याळातली खरीखुरी साठ मिनिटे. मेलात तर परत उठता येते, पण गेलेला वेळ परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट अडचणीतून आली. संगणकाची मेमरी इतकी तोकडी होती की नव्या पात्राची चित्रे ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनर यांनी शहजाद्याचीच चित्रे तांत्रिक युक्तीने बदलून एक झगमगती आकृती तयार केली. शहजादा आरशातून झेप घेतो तेव्हा ती त्याच्यातून बाहेर पडते. पुढे ती त्याचे औषध पिऊन टाकते, त्याच्यासमोर दरवाजा बंद करते आणि शेवटी तलवार उपसून उभी राहते. तिच्यावर वार केला की जीव शहजाद्याचा कमी होतो. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि तिच्या दिशेने चालत जायचे. दोघे एक होतात आणि पुढची वाट खुली होते.

वेळ आणि सावली, या दोन गोष्टी म्हणजे या गेमचा जीव. गेलेला क्षण परत आणता येतो का? आणि माणूस स्वतःशी लढून जिंकतो, की स्वतःला सामावून घेऊन? बाकी पगडी, मिनार, पलंगावर बसलेली शहजादी, हा सगळा पेहराव. माझे म्हणणे असे की चांगला पुढचा भाग पहिल्याचा प्रश्न हाती घेतो आणि वाईट पुढचा भाग पहिल्याचा पेहराव उचलतो. पुढची सगळी वंशावळ या एका कसोटीवर तपासता येते.

बदनाम वजीर

पेहराव नुसता उचलत गेले की काय होते, याचे उदाहरण खुद्द पहिल्याच गेममध्ये आहे. ते म्हणजे वजीर जाफर.

इतिहासातला जाफर बिन याह्या बर्मकी हा खलिफा हारून रशीदचा वजीर आणि जिवलग सोबती. हे बर्मकी घराणे मूळचे बल्ख इथले, तिथल्या नवबहार या बौद्ध विहाराशी संबंधित. ‘बर्मक’ हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’ या पदावरून आला, असे अभ्यासक मानतात. जाफरचे वडील याह्या यांनी भारतीय वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणवले. सुश्रुताचा ग्रंथ त्यातलाच. इसवी सन ८०३ मध्ये हारून रशीदने अचानक या घराण्यावर गदा आणली आणि जाफरचा शिरच्छेद झाला. अल्फ लैलाच्या कथांमध्ये तो वेष पालटून खलिफाबरोबर रात्री बगदादच्या गल्ल्यांतून फिरतो. तिथे तो कटकारस्थानी नाही, उलट राजाच्या लहरीमुळे स्वतःच्या गर्दनीची काळजी करणारा माणूस आहे.

मग खलनायक जाफर आला कुठून? १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या सिनेमात कॉनराड फाइट या नटाने दुष्ट जादूगार वजीर जाफर रंगवला. मेकनर यांच्या गेममागे अरेबियन नाइट्सबरोबर या सिनेमाचीही प्रेरणा होती. १९९२ मध्ये डिस्नेच्या ‘अलादीन’ने तोच जाफर घरोघरी पोहोचवला. म्हणजे सिनेमाचा पुढचा भाग गेम, गेमनंतर ॲनिमेशनपट, आणि कोणीच मूळ माणसाकडे वळून पाहिले नाही. आज बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या वजिराचे नाव घेतले की जगभरातल्या मुलांना काळा झगा आणि वाकडी दाढी आठवते. एखाद्याची बदनामी करायला दरवेळी नवे खोटे रचावे लागत नाही. आधीच्याने काढलेले चित्र न तपासता पुढे सरकवले तरी पुरते.

दुसरा आणि तिसरा

१९९३ मध्ये ‘द शॅडो अँड द फ्लेम’ हा दुसरा भाग आला. जाफर जादूने शहजाद्याचे रूप घेतो आणि खऱ्या शहजाद्याला महालातून पळ काढावा लागतो. आता एकट्या शिपायाऐवजी एकाच वेळी अनेक जण अंगावर येत. तळघराऐवजी छपरे, जहाज, बेट, उडता गालिचा, उजाड नगर असा मोठा पसारा होता. अवघड होता, काही ठिकाणी तर जीव खाणारा होता. तरी मी त्याला चांगला पुढचा भाग म्हणेन, कारण त्याने सावली सोडली नाही. पहिल्या भागात ती अपघाताने बाहेर पडली होती. इथे शहजादा ती स्वतःहून बाहेर काढायला शिकतो आणि तिच्याच जोरावर जाफरला हरवतो. ज्याची भीती होती तेच बळ झाले. याला गोष्ट पुढे जाणे म्हणतात.

१९९९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ची गत वेगळी झाली. त्या काळात प्रत्येक जुन्या गेमला त्रिमितीत आणण्याची घाई होती. हा भागही त्या लाटेत उतरला. बाजारात आला तेव्हा त्यात तांत्रिक दोष होते, हालचाली जड होत्या. मूळ गेमचे सौंदर्य शहजाद्याच्या अंगाच्या लयीत होते आणि नेमकी तीच हरवली. नवे तंत्र आले म्हणून पुढचा भाग काढला, तर त्यात सांगण्यासारखे तंत्रापलीकडे काही उरत नाही.

वेळ परत मिळाली

२००३ मध्ये यूबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. पॅट्रिस डेझिले यांच्याकडे त्याचे सर्जनशील दिग्दर्शन होते आणि पटकथा खुद्द मेकनर यांची होती. या मंडळींनी मूळ गेम पुन्हा पाहिला तेव्हा त्यांना त्याचा प्रश्न दिसला असावा, असे गेम खेळताना वाटत राहते. पहिल्या गेममध्ये वेळ शत्रू होता. इथे शहजाद्याच्या हाती एक खंजीर येतो. त्यातल्या वाळूच्या बळावर काही क्षण मागे नेता येतात. उडी चुकली, दरीत पडलात, तर वेळ उलटी फिरवायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. खेळाडूचा जुना वैताग गेला आणि गोष्टीलाही अर्थ आला. कारण शहजाद्याची खरी चूकही अशीच आहे: त्याच्या हातून काळाची वाळू सुटली आहे आणि ती एक चूक त्याला उलटी फिरवायची आहे.

त्याहून सुंदर गोष्ट निवेदनात आहे. सगळा खेळ म्हणजे शहजाद्याने भूतकाळात सांगितलेली कहाणी आहे. खेळाडू मेला की त्याचा आवाज येतो: छे, असे घडले नव्हते, थांबा, मी पुन्हा सांगतो. मरण म्हणजे किस्सागोची जीभ घसरणे! शहजादा ती कहाणी कुणाला सांगत होता, हे शेवटी उलगडते: हिंदुस्थानच्या महाराजाची मुलगी फराह. वेळ मागे फिरल्यामुळे ती त्याला ओळखतही नाही आणि तिने विश्वास ठेवावा म्हणून तो बोलतो आहे. जीव वाचवण्यासाठी रात्रभर गोष्ट सांगणारी शहरजाद इथे पुन्हा भेटते, फक्त आता ऐकणारी ती आहे आणि सांगणारा तो. इतकी वर्षे पगडी आणि गालिचा उचलणाऱ्यांना अल्फ लैलाचे खरे धन सापडले नव्हते. ते धन सांगण्याच्या रीतीत होते.

टीका ऐकली, पण अर्धीच

‘सँड्स’ची एक उणीव सगळ्यांनी दाखवली: लढाया एकसुरी होत्या. २००४ च्या ‘वॉरियर विदिन’ने ती दूर केली. दोन शस्त्रे, नाना डावपेच, एकाच बेटाचा भूतकाळ आणि वर्तमान यांत ये-जा. कल्पनाही वाईट नव्हती. काळाशी खेळल्याबद्दल शहजाद्याच्या मागे काळाचा रखवालदार लागला आहे. पण त्याबरोबर त्याला रागीट, शिवराळ केले गेले. रक्ताचे पाट वाहिले, कर्कश रॉक संगीत आले. तरुण गिऱ्हाइकाला हेच हवे असते, असा हिशेब त्यामागे होता. खपाच्या दृष्टीने हा भाग पडला नाही. मेकनर यांनी मात्र त्याचा कलात्मक बाज आणि हिंसा आपल्याला रुचली नाही, हे उघडपणे सांगितले.

त्या रखवालदाराचे नाव ‘दहाका’. हे नाव प्राचीन इराणच्या अझी दहाकाचे. शाहनाम्यात तो जह्हाक होऊन येतो. त्याच्या खांद्यांवर दोन साप उगवतात आणि त्यांना रोज तरुणांच्या मेंदूचा घास द्यावा लागतो. शेवटी काव्हा नावाचा लोहार आपले कातड्याचे फडके निशाण म्हणून उभारतो आणि रयत उठते. जुलमी सत्ता आपल्याच तरुणांना कशी खाते, याचे यापेक्षा भेदक रूपक क्वचितच सापडेल. गेमने त्यातले फक्त नाव घेतले आणि ते शिंगे असलेल्या एका राक्षसाला चिकटवले. पुढच्या भागाने तक्रार ऐकून हातपाय सुधारले, पण डोके कुठे ठेवले ते विसरला.

वर्षभराने, २००५ मध्ये, ‘द टू थ्रोन्स’ आला. त्याने तोल बराचसा सावरला. शहजाद्याच्या आतच एक काळा शहजादा राहू लागतो, त्याला डिवचतो, टोमणे मारतो. शेवटचे द्वंद्व त्याच्याशीच होते आणि ते तलवारीने सुटत नाही. फराहची हाक ऐकून पाठ फिरवल्यावर सुटते. सोळा वर्षांपूर्वी तलवार म्यान करून सावलीला भेटलेला तो शहजादा ज्यांना आठवत होता, त्यांना यातली खूण लगेच पटली. आणि मग तो फराहला आपली कहाणी सांगू लागतो, पहिल्या शब्दापासून.

नाव सोडणारा वारस

याच सुमारास डेझिले आणि सहकाऱ्यांकडे शहजाद्याच्या आणखी एका भागाचे काम होते. वाचता वाचता ते आलमूतच्या निजारी इस्माईलींपर्यंत पोहोचले. व्लादिमिर बार्टोल यांची १९३८ ची ‘आलमूत’ ही कादंबरी त्यामागे होती. त्यांच्या आराखड्यात नायक शहजादा राहिला नाही, त्याचे रक्षण करणारा योद्धा झाला. शहजाद्याच्या नावाचा गेम आणि नायक दुसराच, हे कंपनीला पटेना. अखेर त्या आराखड्याला स्वतंत्र नाव मिळाले आणि २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ आला. त्यात ११९१ चे दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम आहे. नायकाचे नाव अल्ताइर इब्न ला-अहद, म्हणजे पक्षी, कुणाचाच नसलेला. त्यातही दंतकथा आणि इतिहासाची सरमिसळ आहेच. पण इथे धर्मयुद्धाच्या गोष्टीचा नायक अरबी नावाचा होता आणि दोन्ही छावण्यांतले जुलमी त्याचे लक्ष्य होते. चांगल्या वारसाला कधी कधी वडिलांचे नाव सोडावे लागते. नव्या विचाराला जुन्या नावाची झूल घातली असती, तर दोन्ही अडखळले असते.

फिरदौसीचा धडा

आता थोडे मागे जाऊ. पुढचा भाग ही गेम कंपन्यांची कल्पना नाही. दहाव्या शतकात दकीकी नावाच्या कवीने इराणच्या राजांची गाथा लिहायला घेतली. सुमारे हजार बैत झाले आणि त्याच्याच गुलामाने त्याला ठार केले. अबुल कासिम फिरदौसीने ते काम हाती घेतले आणि १०१० च्या सुमारास शाहनामा पूर्ण केला. दकीकीचे हजार बैत त्याने गाळले नाहीत. आपल्या ग्रंथात, दकीकीचे नाव सांगून, ते जसेच्या तसे ठेवले. आणि ते कुठे कच्चे आहेत हेही लपवले नाही. आधीच्याचे ऋण मान्य करायचे, त्याची उणीवही सांगायची आणि मग आपला रस्ता चालायचा. पुढे १०६६ मध्ये असदी तूसीने ‘गर्शास्पनामा’ लिहिला. तो रुस्तमच्या पूर्वजाचा होता, म्हणजे आजच्या भाषेत ‘प्रीक्वेल’.

पुणे, मुंबई आणि कोहकाफ

सप्टेंबर २०२० मध्ये यूबीसॉफ्टने ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवून आणण्याची घोषणा केली. ते काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. ज्या गोष्टीची फराह हिंदुस्थानची, ती गोष्ट महाराष्ट्रातले हात पुन्हा घडवणार, याचा मला आनंद झाला होता. पहिली झलक आली आणि तिच्या चित्रांवर इंटरनेटवर टीकेची झोड उठली. तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे सोपवले गेले आणि घोषणेला पाच वर्षे उलटली तरी गेम लोकांच्या हाती पडला नाही. यातून एक गोष्ट दिसते. जुने जसेच्या तसे पुन्हा उभे करणे हे नवे रचण्याइतकेच कठीण असते. तिथे प्रत्येक माणूस आपल्या आठवणीशी तुलना करतो आणि आठवणीतली चित्रे कोणत्याही पडद्यापेक्षा देखणी असतात.

दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समधल्या मॉन्टपेलिए स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ आणला. हा बाजूने दिसणारा गेम, १९८९ च्या गेमसारखा. नायक सार्गोन शहजादा नाही, अपहरण झालेल्या शहजाद्याला शोधायला निघालेला योद्धा आहे. जागा आहे काफचा पहाड. दास्ताने अमीर हमजा ज्यांनी ऐकली त्यांना कोहकाफ सांगायला नको. हमजा तिथे अठरा दिवसांसाठी जातो आणि अठरा वर्षे अडकतो. गेममधल्या काफवरही वेळ बिघडली आहे. कुणी म्हातारा होतो, कुणी आहे तसाच राहतो. सीमुर्गच्या कृपेने सार्गोनला एक शक्ती मिळते. तो आपली सावली एका जागी ठेवून पुढे जाऊ शकतो आणि क्षणात तिच्यापाशी परत येऊ शकतो. वेळ आणि सावली, दोन्ही एका चालीत. शिवाय सगळी पात्रे फारसीत बोलतील अशी सोयही आहे. ‘पर्शिया’च्या नावाने चाललेल्या गोष्टीत पर्शियाची भाषा इतक्या वर्षांनी ऐकू आली. जाणकारांनी कौतुक केले, खप अपेक्षेइतका झाला नाही आणि त्याच वर्षी तो संघ दुसऱ्या कामांवर विभागला गेला. चांगले असणे आणि चालणे, या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत.

हिशेब

मग चांगला पुढचा भाग कोणता? जो आधीच्याचा प्रश्न ओळखतो आणि त्याला नवे उत्तर देतो. जो उणीव दूर करताना जीव घालवत नाही. जो गरज पडली तर नावही सोडतो. आणि जो वारशात आलेले प्रत्येक चित्र एकदा तपासून घेतो.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जाफरला बदनाम करणाऱ्या कुणालाही बर्मकी घराण्याशी वैर नव्हते. त्यांनी फक्त आधीचे चित्र उचलले. आपल्याबद्दलच्या कितीतरी समजुती अशाच एका भागातून दुसऱ्या भागात चालत आल्या आहेत. आणि खरे सांगायचे तर आपणही आपल्या वाडवडिलांचा पेहराव जपतो आणि त्यांचे प्रश्न विसरतो. बगदादमध्ये सुश्रुत अरबीत आणवणाऱ्या माणसांचा वारसा टोपी-झग्यात नव्हता, कुतूहलात होता. आपल्या घरातल्या मुलांच्या हातात आज जे पडदे आहेत, त्यांवर पुढचा भाग कोण लिहिणार, हे ठरायचे आहे. पुण्या-मुंबईत गेम घडवणारे स्टुडिओ आहेत, तरुण आहेत, आणि दास्तान तर आपल्या आजीकडे होतीच. तिला विचारून घ्यायला हवी, ती आहे तोवर.